मायच्या मापाची खुर्ची

आमच्या घरात एक खुर्ची आहे, ती कोणालाच नीट होत नाही. सागवानी आहे, हात रुंद आहेत, पाठ किंचित मागे कललेली आहे, दिसायलाही देखणी आहे. पण बसणारा माणूस बसता बसता एकदम खाली जातो आणि त्याचे गुडघे पोटाशी येतात. पाहुणे आधी दचकतात, मग हसतात. "पाय काऊन एवढे बुटके ठेवले हिचे?" असं विचारतात. मी "तसेच सांगितले होते" म्हणते आणि चहा टाकायला आत जाते. फार खोदून विचारणाऱ्याच्या चहात साखर जरा कमीच पडते.

ही खुर्ची बाळाच्या खोलीसाठी केली होती. खोली म्हणायची म्हणून खोली. स्वयंपाकघराला लागून एक अडगळ होती, तिच्यात उन्हाळा सरला की कूलर जायचा, गावाहून आलेलं ज्वारीचं पोतं असायचं, आणि नवऱ्यानं 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेलं सगळं सामान असायचं. मी आदिलाबादला एका शाळेत शिकवते, नवरा उटनूरला एका कार्यालयात कारकून आहे, रोज बसनं जातो-येतो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की लोकांनी विचारणंसुद्धा सोडून दिलं होतं. आणि मग मला दिवस राहिले. नवऱ्यानं त्या आनंदात ती अडगळ एका सुट्टीच्या दिवशी उपसून काढली, भिंतींना पिवळा रंग दिला आणि मोबाईलवर बाळांच्या खोल्यांची चित्रं पाहत बसला. त्या सगळ्या चित्रांत एका कोपऱ्यात पाळणा होता, खिडकीला पडदा होता आणि शेजारी एक गुबगुबीत खुर्ची होती. बाळाला पाजताना आईच्या पाठीला आराम पडावा म्हणून.

शेजारच्या काकूंना हे ऐकून हसू आवरेना. एवढ्याशा लेकराला स्वतंत्र खोली, आणि वर खुर्ची. आमच्या घराण्यात खुर्चीत बसून लेकरू पाजलेली बाई मलाही ठाऊक नाही. बाळंतिणीला बाज असते, बाजेखाली शेगडी असते, टेकायला भिंत असते. मी नवऱ्याला तसं म्हणणारच होते. पण त्या चित्रातल्या खुर्चीत मला मी दिसले नाही, मला माझी माय दिसली. तिथून मग मीच त्या खुर्चीच्या मागे लागले.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा आमच्याकडचा रिवाज. पण माहेर पैनगंगेकाठच्या खेड्यात, दवाखाना लांब, रस्ता असा की धडधाकट माणसाचंही पोट ढवळून निघावं. डॉक्टरीणबाईंनी प्रवासच बंद केला. मला फार वाईट वाटलं. मायनं फोनवर दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, "त्यात रडाचं काय हाय? तू नोको येऊ. माहेरच घेऊन येईन मी तुह्या घरी. चांगले तीन-चार महिने राहीन."

माझी माय कुठंच दोन दिवसांच्या वर राहिलेली नव्हती. वडील लवकर गेले. तिनं आधी लोकांच्या शेतात कापूस वेचला, निंदण केलं, मग गावच्या शाळेत पोरांचा स्वयंपाक केला. त्या चुलीपुढं बसून बसून तिचे गुडघे कामातून गेले. खाली बसायची तर आधी भिंत धरायची, मग गुडघा, मग देवाला नाही पण वैद्याला दोन शिव्या, आणि मग बसायची. उठताना पुन्हा तेच उलट. अशी बाई तीन-चार महिने लेकरू मांडीवर घेणार तर ती बसणार कशावर? म्हणून खुर्ची. माझ्या पाठीसाठी नव्हे, तिच्या गुडघ्यांसाठी.

पण तेवढंच कारण नव्हतं. खरं कारण मी नवऱ्यालाही नीट सांगितलं नव्हतं.

माय खुर्चीत कधी पूर्ण बसायचीच नाही. खुर्ची कुठलीही असो, तिच्या वाट्याला फक्त पुढचा काठ. त्या काठावर ती ताठ बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर, पाय जमिनीला टेकलेले, पदर डोक्यावर. मागे हातभर जागा रिकामी. हेडमास्तर 'बसा बाई' म्हणायचे तेव्हा तशी. तहसीलमध्ये पेन्शनची दरखास्त घेऊन गेली तेव्हा तशी. माझ्या लग्नात नवरीची आई म्हणून लाल गादीच्या खुर्चीत बसवली, तर फोटोत तिथंही काठावरच. माझ्या मावशा, आत्या, विहारात पौर्णिमेला जमणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्या अशाच बसतात. खुर्च्यांची ओळ भरलेली असते आणि पाठी सगळ्या रिकाम्या.

एकदा मी चिडून विचारलं होतं, "माय, टेकून बसलीस तर खुर्ची चावते का तुला?"

"काठावर बरं असते, बाई," ती म्हणाली. "उठ म्हनलं तर लवकर उठता येते."

"आता कोण म्हणतं तुला उठ?"

"कोनीच नाई म्हनत," ती म्हणाली. "सवय पडली आंगाले."

तिच्या तरण्या दिवसांत ज्यांच्या वाड्यात ती राबायची त्यांच्याकडं तिला खुर्ची सोडा, ओट्याची पायरीसुद्धा नव्हती. पुढं लोक 'बसा' म्हणू लागले, पण तिच्या अंगानं त्यांच्यावर कधी विश्वासच ठेवला नाही. मला ते बघवायचं नाही. मी शिकले, मास्तरीण झाले, माझ्या घरात सहा खुर्च्या, आणि माझ्याच घरात माझी माय उठवलं जाण्याच्या तयारीत बसायची. माझ्या लेकराला मांडीवर घेऊन ती पाठ टेकून बसलेली मला एकदा पाहायची होती. बाकी त्या खोलीत पडदा लागला काय, न लागला काय, मला कशाचंच सोयरसुतक नव्हतं.

पाऊस ओसरल्यावर मायला बोलावून घेतलं आणि बसस्टँडच्या रस्त्यावरच्या फर्निचरच्या दुकानात नेलं. पण आमची खोली लहान. दुकानातला सोफा दारातूनच आत आला नसता. चाकांची फिरती खुर्ची होती, तिच्याकडं बघून माय म्हणाली, "हे सायबाची हाय, इच्यात बसलं का सह्या कराव्या लागतीन." मग दुकानदारानं मोठ्या कौतुकानं एक झुलती खुर्ची पुढं ओढली. 'बच्चे के लिए बेस्ट' म्हणाला. माय सवयीप्रमाणे काठावर टेकली आणि ती खुर्ची तिच्यासकट पुढं झुकली. मी धरली नसती तर तोंडावरच पडली असती.

"अम्माजी, पीछे सरक के बैठो," दुकानदार घाबरून म्हणाला.

माय खुर्चीचा हात धरून उभी राहिली आणि हसायलाच लागली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "पाह्य व," मला म्हणाली, "आतापावतर मानसं उठ म्हनत होते, हे तं खुर्चीच मले उठ म्हनते."

मीही हसले. दुकानदारालाही काय झालं ते न कळता हसू आलं. परत येताना रिक्षात ती माझ्या पोटाकडं बघून म्हणाली, "तुह्या आजीले हाकललं बरं खुर्चीनं." लेकराशी ती असं अधूनमधून बोलायची, जसं ते समोरच बसलं आहे.

शेवटी सुताराकडून करून घ्यायचं ठरलं. कापसाच्या मार्केट यार्डामागं एकाचं दुकान होतं. तेलुगू माणूस, बोलघेवडा. आमच्याशी थोडं हिंदी, थोडं मराठी आणि उरलेलं सगळं हातवारे. मी त्याला कागदावर चित्र काढून दिलं. हात असे रुंद, म्हणजे लेकराचं डोकं कोपरावर आलं की कोपर टेकेल. पाठ थोडी कललेली. बैठक खोल, मांडीला आधार मिळेल अशी. आणि उंची मायच्या पायांची. माय अंगानं अगदी लहान होती, जेमतेम माझ्या खांद्याला लागायची.

सुतारानं एक तयार खुर्ची पुसून मायपुढं ठेवली. "कूर्चोंडी अम्मा," म्हणाला. बसा म्हणाला. माय बसली. त्यानं खाली वाकून पाहिलं, पाय जमिनीला नीट टेकलेले होते. माझ्याकडं बघून त्यानं 'बरोबर आहे' अशी मान हलवली आणि तीच उंची खडूनं फळीवर लिहून घेतली. मीही वाकून पाहिलं होतं. मलाही बरोबरच वाटलं.

माय काठावर बसली होती. काठावर बसलं की कोणाचेही पाय जमिनीला टेकतात. ते सुताराच्या लक्षात आलं नाही कारण तो तिला ओळखत नव्हता, आणि माझ्या लक्षात आलं नाही कारण मी तिला फार ओळखत होते. जन्मभर तिचं तेच बसणं पाहिलेलं, मला तेच बसणं वाटलं. जिला टेकून बसवण्यासाठी हा सगळा खटाटोप, तिचं माप आम्ही काठावर घेतलं.

खुर्ची घरी आली ती कापूस वेचणीच्या दिवसांत. माय गावाहून कापूस पिंजून, खोळीत भरून, पाठीला लावायची एक उशी घेऊन आली होती. त्या पिवळ्या खोलीत खुर्ची ठेवली, खिडकीतलं सकाळचं ऊन तिच्या हातावर आलं आणि खोली एकदम भरल्यासारखी दिसली. मी मायला बसवलं. "मागे सर," म्हटलं. तिनं ऐकलं नाही. मग मी आणि नवऱ्यानं तिला दोन्ही बाजूंनी धरून मागे सरकवलं, आणि तिचे पाय वर उचलले गेले. जमिनीपासून चांगले वीतभर वर लोंबत राहिले. पहिलीत नाव घातलेलं पोर बाकावर बसतं तशी दिसत होती.

"आता शाळेत घाल मले," ती म्हणाली आणि लगेच सरकून काठावर आली.

मला त्या सुताराचाही राग आला आणि स्वतःचाही. नवरा म्हणाला, पायाखाली पाट ठेवू. मी म्हटलं, पाट नको, बाळाला घेऊन उठताना पाटात पाय अडकून पडली तर? पाय कापायचे. मायनं एकदम माझा हात धरला.

"माह्यासाठी नोको कापू व बाई. चांगलं सागवान हाय."

"मग कोणासाठी केली ही?"

माय खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, लाकडाची हळहळ. आमच्याकडं सागवानाचा तुकडाही फेकत नाहीत. मी फारच आग्रह धरला तेव्हा म्हणाली, "काप मंग. तुह्या मनासारखं होऊ दे."

सुतार करवत घेऊन घरी आला. आम्ही दोघी अंगणात उभ्या होतो. मायचा हात माझ्या पाठीवर होता, मधूनच ती मला 'बस, उभी नोको राहू' म्हणत होती. चारी पाय कापून झाल्यावर तिनं भुशातून ते चार तुकडे वेचले, पदरात घेतले आणि झटकून पिशवीत टाकले. चुलीला होतील म्हणून घेतले असतील असं मला वाटलं. मग मी तिला पुन्हा मागे सरकवलं. या वेळी पाय जमिनीला अगदी सपाट टेकले. मी अशी खूश झाले जशी काही गड जिंकून आले. पण मी हात सोडला आणि ती पुन्हा काठावर आली.

"माय, आता काय झालं? आता तर तुझ्या मापाची आहे."

"टेकीन ना," ती म्हणाली. "लेकरू मांडीवर आलं का टेकीन. रिकामं टेकून काय करू?"

मला ते पटलं. मी म्हटलं, ठीक आहे, काही महिन्यांचा तर प्रश्न आहे.

थंडी पडली तशी माय खंगत गेली. आधी जेवण कमी झालं, मग डोळे पिवळे झाले. फोनवर विचारलं की 'पित्त हाय' म्हणायची. मावशीनं, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीनं, शेवटी नवऱ्याला फोन केला आणि आम्ही तिला नागपूरला नेलं. मला प्रवास बंद होता, तरी मी गेले. डॉक्टरीणबाई रागावल्या, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिथं पोटाच्या तपासण्या झाल्या आणि एका तरुण डॉक्टरनं आम्हाला बाजूला नेऊन सांगितलं की गाठ आहे, फार पसरली आहे, आता दुखणार नाही एवढं बघा. मी माझ्या पोटावर हात ठेवून ते ऐकत होते. पोटातलं लेकरू त्याच वेळी हललं. एकाच अंगात एवढं सुख आणि एवढं दुःख कसं मावतं, ते मला अजूनही कळलेलं नाही.

घरी न्यायच्या दिवशी वॉर्डातला माणूस चाकांची खुर्ची घेऊन आला. त्यानं मायला उचलून तिच्यात ठेवलं आणि माय सवयीनं काठावर आली. अंगात त्राण नव्हतं, तरी आली.

"आजी, मागं व्हा, पडसाल," तो म्हणाला. त्यानं तिच्या काखेत हात घालून तिला मागे ओढलं, पाय उचलून लोखंडी पट्ट्यांवर ठेवले आणि पोटावरून पट्टा आवळून टाकला. दिवसभर तो हेच काम करत असणार. त्याला त्यात विशेष काही नव्हतं.

माय पाठ टेकून बसली होती. तिची पाठ खुर्चीच्या पाठीला लागलेली मी तेव्हा जन्मात पहिल्यांदा पाहिली. ती किती लहान होती. तिनं मान वळवून मला शोधलं आणि म्हणाली, "पाह्य, टेकली ना आता? लय मांगं लागली होती माह्या."

मला हसायचं होतं, तिलाही मी हसावं असंच वाटत होतं. पण मी त्या लांब व्हरांड्यात, लोकांच्या येण्याजाण्यात, भिंतीला धरून रडले. जे मी सुतार लावून करू शकले नव्हते ते दुखण्यानं एका दमात करून टाकलं होतं.

तिला मी माझ्याकडंच आणलं. पण ती खुर्चीत बसली नाही. बाजेवरच होती, त्याच पिवळ्या खोलीत, पाळण्याच्या जागी तिची बाज टाकली होती. खुर्ची उशाशी होती, तिच्यात मी बसायचे, तिचा हात हातात घेऊन. त्या बुटक्या खुर्चीमुळं माझं तोंड तिच्या तोंडाच्या बरोबरीला यायचं, एवढा एक उपयोग झाला. एका सकाळी मी तिला पेज भरवत होते. दोन चमचे घेतले आणि तिसऱ्याला तिनं तोंड उघडलं नाही. मी बराच वेळ चमचा धरून होते. कळलं होतं, तरी धरून होते.

लोक आले, गेले. बसायला कमी पडल्या म्हणून कोणीतरी ती खुर्चीही बाहेर नेली. तिच्यात बसणारा प्रत्येकजण आधी दचकत होता. मावशी मात्र तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिली, एक हात खुर्चीच्या पायावर ठेवून. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

पळस फुलायला लागले तेव्हा मला मुलगी झाली. अंगानं अगदी लहान. दवाखान्यातली नर्स म्हणाली, आजीवर गेली असेल. मी नुसती मान डोलावली.

मावशी धावत आली होती, अंगावरच्या लुगड्यानिशी. तिनंच पोरीला पाय पसरून, पायांवर पालथी घालून न्हाऊ घातलं, शेक दिला, मला हळीव आणि डिंकाचे लाडू खायला लावले. तीही खुर्चीत बसायची नाही. खुर्चीत मी बसायचे. पाजताना गुडघे वर यायचे, पाठीला रग लागायची, पोरीला सावरून उठताना तर नाकी नऊ यायचे. नवऱ्याला ते बघवेना. एकदा म्हणाला, "खालून लाकडाचे ठोकळे लावून घेऊ काय? सुताराले बोलावतो."

"खुर्चीला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "तुमच्या मापाची नाही ती आणि माझ्याही नाही."

मावशीनं पोरीच्या अंगाला तेल लावता लावता माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा तेलाची वाटी पुढं ओढली.

नाव ठेवायच्या आदल्या दिवशी मावशी गावाला जाऊन आली. येताना मायनं तयार करून ठेवलेला बाळंतविडा घेऊन आली. जुन्या लुगड्यांची झबली, टोपरी, दुपटी, एक इवलीशी गोधडी, तिच्यावर मायचे ते बारीक टाके. आजारी असताना कधी शिवलं एवढं, कोण जाणे. एकेक कपडा मी नाकाशी नेत होते. चुलीचा वास येतो का बघत होते. सगळ्यात खाली लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं काहीतरी जड होतं. सोडलं, तर ते चार तुकडे. खुर्चीचे. दगडावर घासून घासून गुळगुळीत केलेले, कडा मोडलेल्या, आणि तेल चोळून चोळून काळपट चमक आलेले.

"पोरीला खेळायला?" मी विचारलं.

मावशी खाली बसली. तिनं दुपट्याच्या घड्या नीट केल्या.

"खुर्चीले लावाले," ती म्हणाली. "तुले पाजतानी तरास होईन म्हून ठेवले तिनं. मले म्हने, पोरीचे पाय लांबसडक हायेत, तिच्या बापावानी. एवढ्या बुटक्या खुर्चीत तिचे गुडघे दुखतीन. ते लेकरू घेऊन बसाले लागली का हे दे, खालून लावून घे म्हना."

"पण तिला तेव्हा काय माहीत... ती स्वतः बसणार होती ना?"

मावशीनं मान हलवली. "खुर्ची घरी याच्या आंधीच कळलं होतं तिले. दवाखान्यातल्या बाईनं पोटाले हात लावून सांगतलं होतं, नागपूरले जाय म्हने, उशीर झाला म्हने. माह्याच संगं गेली होती. मी म्हनलं, पोरीले सांग. तं मले शपथ घातली. म्हने, एवढ्या वर्षांनं दिवस गेले तिले, तिच्या पोटात धसका नोको बसाले. मंग तुह्या घरून आली अन् मले सांगे, खुर्चीचे पाय कापले माह्यासाठी. मी म्हनलं, कापू काऊन देल्ले, तू कुठं बसतं आता तिच्यात? तं म्हने, लय हौसेनं करून राह्यली होती, मोडवलं नाई मले तिचं मन."

मी ते ठोकळे हातात घेऊन बसले होते. मला तो अंगणातला दिवस दिसत होता. करवत चालत होती, भुसा उडत होता, मायचा हात माझ्या पाठीवर होता. आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो. मी म्हणत होते, आता कशी तुझे पाय टेकतील बघ. आणि तिला सगळं माहीत होतं. माझ्या समाधानासाठी ती एक चांगली खुर्ची कापू देत होती, आणि माझे गुडघे दुखू नयेत म्हणून तेच तुकडे भुशातून वेचत होती. मी समजत होते की मी मायसाठी खुर्ची करून घेतली. पण ती राखून ठेवली तिनं, माझ्यासाठी.

पोरगी रडायला लागली. मावशीनं तिला उचलून माझ्याकडं दिली. मी खुर्चीत बसले ते, माझं मलाच कळलं नाही, काठावर बसले होते.

"मांगं सर," मावशी म्हणाली. "टेक."

मी मागे सरले. मायची उशी पाठीला लागली. गुडघे वर आले, मांडीत खोलगट जागा झाली आणि पोरगी त्या जागेत बरोबर बसली. मावशीनं विचारलं, उद्या सुताराला बोलवायचं का. मी नको म्हटलं.

पोरीला आता पाय फुटले आहेत. खुर्ची धरून उभी राहते, बैठकीवर हात आपटते; तेवढ्या उंचीवर तिचा हात बरोबर पोचतो. ठोकळे मी कपाटात ठेवले आहेत. माय, तुझं ऐकायला हवं, कळतं मला. गुडघे खरंच दुखतात. पण मी ते लावले की ही खुर्ची माझी होईल, आणि मग या घरात तुझ्या मापाचं काहीच राहणार नाही.